कागदपत्रांची एकवाक्यता

युरोपच्या पर्यटनासाठी व्हिसाचा अर्ज करणाऱ्याने एक गोष्ट प्रथमपासून ध्यानात ठेवावी, आणि ती ही, की ज्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर त्याचे जाणे अवलंबून असते, त्या अधिकाऱ्याची व त्याची बहुधा गाठही पडत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील अर्ज-स्वीकृती केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे घेतले जातात; निर्णय होतो तो वकिलातीत, आणि तोही मुख्यतः त्या कागदांवरूनच. अर्जदाराचा हेतू, त्याची सांपत्तिक स्थिती आणि घरी परतण्याचा त्याचा निश्चय यांची साक्ष त्याच्या गैरहजेरीत या दस्तऐवजांनीच द्यावयाची असते. म्हणून कागद किती जोडले यापेक्षा ते परस्परांशी किती जुळतात, हाच खरा प्रश्न आहे.

लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठच्या शेंगेन या लहानशा गावी १४ जून १९८५ रोजी पाच राष्ट्रांनी आपापसांतील सरहद्दींवरची तपासणी क्रमाक्रमाने उठविण्याचा करार केला, आणि आज त्या व्यवस्थेत २९ राष्ट्रे सामील आहेत. एका व्हिसावर या सर्व प्रदेशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. मात्र अर्ज कोणत्या देशाकडे करावयाचा हे ठरविण्याची मोकळीक अर्जदाराला नाही. ज्या देशात मुक्काम सर्वांत दीर्घ, त्याच्याकडे अर्ज करावा, आणि मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे, असा दंडक आहे. एखाद्या देशाच्या केंद्रात भेटीची वेळ लवकर मिळते एवढ्याच कारणाने तिकडे अर्ज करून, प्रत्यक्षात दिवस भलतीकडे घालविण्याचा बेत आखणे म्हणजे विसंगतीचा आरंभ स्वतःच्याच हाताने करणे होय.

मुदतींचा विचार त्यानंतर करावा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाची सर्वसाधारण मुदत १५ दिवसांची असली, तरी अधिक चौकशी आवश्यक वाटल्यास ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून अर्ज नामंजूर झाल्यास ते परत मिळत नाही. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले, किमान दोन कोरी पाने असलेले आणि परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने वैध असलेले असावे. ज्यांच्या पारपत्राची मुदत संपत आली आहे, त्यांनी तिकिटाआधी त्याच्या नूतनीकरणाची व्यवस्था करावी.

प्रवासाचा तपशील तारीखवार लिहून काढला, की निम्मे काम झाले असे समजावे. कारण विमानाचे आरक्षण, रोजच्या निवासाचा पुरावा, एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याची सोय आणि विम्याचा कालावधी या सर्वांचा ताळा त्या एका कागदाशी पाहता येतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, साऱ्या शेंगेन प्रदेशात लागू असणारा आणि मुक्कामाचे सर्व दिवस व्यापणारा हवा. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे आईवडील जात असतील, तर मुलाचे निमंत्रणपत्र जोडावे. आणि खर्च तोच करणार असेल, तर तेथील परदेशी नागरिकांच्या कार्यालयात त्याने रीतसर दिलेले हमीपत्रही जोडावे.

सर्वांत नाजूक भाग द्रव्याचा. बँकेच्या खात्याचा गेल्या काही महिन्यांचा उतारा, आयकराची विवरणपत्रे, वेतनाच्या पावत्या किंवा निवृत्तिवेतनाचा दाखला हे मागितले जाते ते अर्जदार श्रीमंत आहे की नाही हे पाहण्यासाठी नव्हे, तर प्रवासाचा खर्च त्याच्या नित्याच्या प्राप्तीशी सुसंगत आहे की नाही, हे पडताळण्यासाठी. शिल्लक फुगवून दाखवावी म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात आप्तेष्टांकडून मोठी रक्कम खात्यात भरून घेणे, हा सल्ला अनेक जण सद्भावनेने देतात. परंतु उताऱ्यातील ती एकच नोंद बाकीच्या प्रामाणिक नोंदींवर संशयाची छाया पाडते. मुदतठेव मोडून किंवा जमीन विकून खरोखरच रक्कम आली असेल, तर तिचा खुलासा लेखी करावा आणि त्याचा कागद जोडावा. शेतकरी अर्जदाराला तर सातबारा व आठ-अ यांचे उतारे, त्यांच्या इंग्रजी भाषांतरासह, फार उपयोगी पडतात. कारण गावी जमीन आहे आणि ती स्वतः कसली जाते, यातून परतण्याचे कारण आपोआप सिद्ध होते. नोकरदाराच्या बाबतीत तेच काम रजामंजुरीचे पत्र करते, आणि त्यातील रजेच्या तारखा प्रवासाच्या तारखांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

आपल्याकडील नावांची रीतही या कामी विशेष लक्ष मागते. पारपत्रावर स्वतःचे, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव असे संपूर्ण नाव असते. बँकेच्या उताऱ्यावर मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर असते. आणि विवाहित स्त्रीच्या एखाद्या जुन्या दस्तऐवजावर माहेरचेच नाव कायम असते. आपल्या दृष्टीने ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असली, तरी दूरदेशीच्या अधिकाऱ्याने ते गृहीत धरावे अशी अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. शक्य तेथे नावाची दुरुस्ती करून घ्यावी. अन्यथा विवाहनोंदणीचा दाखला, किंवा नाव बदलले असल्यास राजपत्रातील सूचना, सोबत ठेवावी.

शेवटी या सर्वांवर एक पानभर पत्र असावे. त्यात कोण जात आहे, कशासाठी, किती दिवस, खर्च कोणाचा आणि परतल्यावर कोणते कर्तव्य वाट पाहत आहे, एवढेच सरळ शब्दांत सांगावे, आणि एखादी उणीव असेल तर ती न दडविता नमूद करावी. पूर्वी अर्ज नामंजूर झाला असेल तर ते लपविण्यात काहीच हशील नाही, कारण ती नोंद पाच वर्षांपर्यंत समाईक दप्तरी राहते. शिवाय पूर्वीच्या नकारामुळे नवा अर्ज आपोआप फेटाळला जाऊ नये, असे तेथील कायदाच सांगतो. नकाराची कारणे लेखी मिळण्याचा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही त्याच कायद्याने अर्जदाराला दिला आहे.

हे हक्क ध्यानात घेतले म्हणजे अर्जदाराची भूमिका याचकाची नाही, हे स्पष्ट होते. तो आपल्या आयुष्याची एक खरी कैफियत मांडत असतो आणि तिचा निष्पक्ष विचार व्हावा एवढेच मागत असतो. निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो, परंतु कैफियत खरी, पूर्ण आणि परस्परविरोधरहित ठेवणे सर्वस्वी आपल्याच हाती असते. आणि व्हिसा मिळाल्यावरही सरहद्दीवरचा अधिकारी हेच कागद पुन्हा मागू शकतो, म्हणून त्यांच्या नकला सामानात न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवाव्यात.