गेमचीही घडणावळ विचारा!

धनत्रयोदशी चार दिवसांवर आली की रायपूरच्या सदर बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही बाजूंना सराफी पेढ्या, मधल्या चिंचोळ्या रस्त्यात स्कूटर, रिक्षा आणि पिशव्या छातीशी धरून चालणाऱ्या बायका. इथं येणारं गिऱ्हाईक भोळं नसतं. आजचा भाव काय, वजन किती, हॉलमार्क आहे का, घडणावळ किती लावणार आणि उद्या मोडायला आणलं तर घट किती धरणार, हे सगळं विचारल्याशिवाय तो दोन ग्रॅमची अंगठीसुद्धा घेत नाही.

आता गंमत पाहा. हेच गिऱ्हाईक सराफा ओलांडून मुलासाठी व्हिडिओ गेम घ्यायला जातं, तेव्हा यातला एकही प्रश्न त्याला आठवत नाही. तिथं तो एकच विचारतो, ‘सगळ्यात लेटेस्ट कोणता?’ आणि दुकानदार खूश होतो!

समजा, तात्यापाऱ्यातलं एक मराठी कुटुंब आहे. रायपुरात मराठी माणूस काही काल-परवा आलेला नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी घरं इथं रुजली आणि महाराष्ट्र मंडळही 1935 पासून आहे. तर या घरातले गृहस्थ सदर बाजारातल्या एका पेढीवर हिशेब पाहतात. सकाळी दहाला गेलेला माणूस रात्री नऊला घरी येतो. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी पंधराची. घरात आजी आहेत. पत्त्यांत त्यांचा हात धरणारा अजून तात्यापाऱ्यात जन्मायचाय. दिवाळीचा बोनस हातात आलाय आणि मुलानं सहा महिन्यांपासून एकच धोशा लावलाय, ‘बाबा, गेम!’ बायकोचं मत स्पष्ट आहे. ‘त्यापेक्षा ग्रॅमभर सोनं घ्या. ते निदान चार महिन्यांनी कपाटावर तरी पडणार नाही.’

कपाटावर पडणं हा टोमणा उगाच नाही. कपाटावर एक खोका आधीच आहे, गृहस्थांच्या लहानपणचा!

चॅनेल तीन की चार?

1990च्या दशकात भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत व्हिडिओ गेम आला तो बहुधा ‘समुराई’, ‘लिटिल मास्टर’ किंवा ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी. यातला ‘समुराई’ निन्टेन्डोचा परवाना घेऊन आला होता. बाकीचे बहुतेक त्याच जपानी यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्र म्हणजे निन्टेन्डोनं 15 जुलै 1983 रोजी जपानात आणलेलं ‘फॅमिकॉम’. हे नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’चं लघुरूप आहे, हे आज कितीजणांना ठाऊक असेल? नावातच कुटुंब होतं.

त्या यंत्राला अँटेनाची वायर जोडायची, टीव्ही तीन किंवा चार नंबरच्या चॅनेलवर लावायचा, मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत बटण फिरवायचं. कॅसेट चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची. ‘9999 इन 1’ असं छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजके दहा-बारा खेळ निघायचे, तेच पुनःपुन्हा नावं बदलून. पण मारिओ, कॉन्ट्रा आणि बंदुकीनं बदकं मारण्याचा खेळ असला की मे महिन्याची सुट्टी पुरायची नाही. मामेभाऊ, आत्येबहिणी रांग लावून बसायच्या. ‘एक जीव गेला की दुसऱ्याची पाळी’ हा कायदा घरोघर होता.

(तो खोका उतरवून मुलांना दाखवायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बदकांची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड बंदुकीतलं भिंग टिपतं. नवा टीव्ही चित्र उमटवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बदक उडून जातं. बंदूक बिघडली म्हणून कुणावर रागावू नका.)

हौशे, नवशे, गवशे

जत्रेत जसे हौशे, नवशे आणि गवशे असतात, तसेच गेमच्या दुनियेतही आहेत. नवसाला बोलल्यासारखे रात्र-रात्र जागून खेळणारे वेगळे. आपला विषय आहे हौशे! जेवण झाल्यावर अर्धा तास, सुट्टीच्या दिवशी दीड तास, पाहुणे आले तर सगळ्यांनी मिळून. जाहिराती मात्र नवश्यांसाठी केलेल्या असतात. त्यातले आकडे, चित्राचा बारीकपणा, सेकंदाला किती चौकटी, हे हौश्याच्या काहीच कामाचं नसतं.

हौश्यासाठी यंत्र बनवावं हे ज्यांना आधी सुचलं त्यांत गुन्पेई योकोई या जपानी माणसाचं नाव घ्यावंच लागेल. असं सांगतात की, आगगाडीत एक नोकरदार कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. ते पाहून योकोईंना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली. 1980 साली निन्टेन्डोचा ‘गेम अँड वॉच’ आला, कॅल्क्युलेटरच्याच स्वस्त काचपट्टीवर. दिवसभर कॅल्क्युलेटर बडवणाऱ्या सदर बाजारातल्या हिशेबनिसाला ही गोष्ट पटावी! पुढे 1989 साली योकोईंच्या चमूनं ‘गेम बॉय’ काढला. पडदा रंगीत नव्हता. प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत होते, पण ते बॅटऱ्या खायचे आणि महाग पडायचे. जग जिंकलं ते बिनरंगी गेम बॉयनं.

2006 साली हाच प्रकार पुन्हा घडला. ताकदीत एक्सबॉक्स 360 आणि प्लेस्टेशन 3 यांच्यापुढे किरकोळ असलेला निन्टेन्डोचा ‘वी’ बाजारात आला. हातात रिमोटसारखा दांडा धरून हात हलवला की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरायची, बोलिंगचा चेंडू घरंगळत जायचा. बटणांची पाठांतरं नाहीत. अनेक देशांत आजी-आजोबा हा खेळ खेळले आणि दहा कोटींहून जास्त ‘वी’ विकले गेले. 2008 साली तो भारतातही आला होता, पण इथं त्याचा फारसा गवगवा झाला नाही.

आपल्याकडच्या मातीतले खेळ यंत्रावर आणण्याचा प्रयत्नही झाला. प्लेस्टेशन 2 वर 2009 साली ‘हनुमान’ आला. त्याच वर्षीच्या ‘देसी अड्डा’मध्ये विटीदांडू, कबड्डी होती. दोन्ही हैदराबादेतल्या कंपन्यांनी बनवलेले. खेळ म्हणून ते फार थोर नव्हते, पण कल्पना चांगली होती. प्लेस्टेशन 2 चं उत्पादनच पुढे 2013च्या सुरुवातीला थांबलं.

घडणावळ इथं लपलेली असते

खोक्यावरची किंमत म्हणजे नुसता सोन्याचा भाव. प्लेस्टेशन 3 भारतात एप्रिल 2007 मध्ये आला तो 39,990 रुपयांना. पुढे प्लेस्टेशन 4 आला, तोही तेवढ्यालाच. फेब्रुवारी 2021 मध्ये आलेला प्लेस्टेशन 5 हा 49,990 रुपयांचा, आणि त्याचा चकती न घेणारा भाऊ 39,990 चा. एक्सबॉक्स सीरिज एस नोव्हेंबर 2020 मध्ये 34,990 ला आला. नंतर या किमती वर-खाली झाल्या.

आता घडणावळ बघा. खोक्यात कंट्रोलर एकच येतो. भावंडं दोन! म्हणजे दुसरा विकत. प्लेस्टेशन 5 चे मोठे नवे खेळ सुरुवातीला 4,999 रुपयांना विकले गेले. असे दहा खेळ घेतले की आणखी एक यंत्र घेतल्याइतके पैसे गेले. इंटरनेटवरून मित्रांशी खेळायचं तर बहुतेक विकतच्या खेळांसाठी वर्गणी भरावी लागते आणि ती दरवर्षी. शिवाय मोठा खेळ पन्नास-शंभर जीबी जागा खातो. सीरिज एसची नाममात्र 512 जीबीची तिजोरी अशा चार-सहा खेळांत भरते आणि तेवढं उतरवून घ्यायला घरचं इंटरनेटही दणकट लागतं.

सगळ्यात महत्त्वाची मात्र मोड. चकतीवरचा खेळ खेळून झाला की विकता येतो, मित्राशी बदलता येतो, मावसभावाला चार दिवस देता येतो. चकती न घेणाऱ्या यंत्रावर घेतलेला खेळ तुमच्या खात्याला चिकटतो. तो ना विकता येत, ना उसना देता येत. तिथं घट शंभर टक्के! दहा हजारांनी स्वस्त म्हणून चकतीविना यंत्र घेणारा हौशी माणूस बहुधा काही खेळांतच ती बचत गमावतो. प्लेस्टेशन 5 चा चकतीचा खण असेल तर प्लेस्टेशन 4 च्या बहुतेक जुन्या चकत्याही त्यात चालतात, हेही दुकानदार आपणहून सांगत नाही.

मग हौश्यानं घ्यावं काय? घरी मिळून खेळायला निन्टेन्डोचा ‘स्विच’ छान. 2017 साली आला, टीव्हीला जोडा किंवा हातात धरा, आणि त्याचे दोन छोटे कंट्रोलर खोक्यातच मिळतात. पण कंपनीनं तो भारतात स्वतः विकला नाही, आयात करणाऱ्यांकडून आला. तेव्हा बिल कोण देणार आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारा. उत्तर ‘देखेंगे’ असं आलं तर पुढे चला.

हजार-दोन हजारांत ‘दहा हजार गेम’ देणाऱ्या, टीव्हीत खोचायच्या कांड्या म्हणजे जुन्या ‘9999 इन 1’ची नातवंडं. खेळ बहुतेक विनापरवाना नकललेले आणि निम्मे तेच ते. आठ दिवसांची करमणूक होते, नाही असं नाही.

रोखठोक सांगायचं तर अशा घरासाठी वापरलेला, चकतीचा खण असलेला प्लेस्टेशन 4 वाईट नाही. जुन्या खेळांचा ढीग आहे, चकत्या कमी पैशांत फिरतात. मात्र वापरलेलं यंत्र कसोटीवर घासूनच घ्यावं. दुकानातच अर्धा तास चालवा. पंखा विमानासारखा ओरडतो का, ऐका. चकती आत जाते आणि बाहेर येते का, पाहा. कंट्रोलरची दांडी सोडून द्या. पडद्यावरचा माणूस आपोआप चालायला लागला तर कंट्रोलर झिजलाय. आधीच्या मालकाचं खातं पुसून घ्या. आणि इंटरनेटला जोडून दाखवायला सांगा. कंपनीनं बंदी घातलेली यंत्रंही बाजारात फिरतात.

खेळ निवडताना खोक्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचा. 3, 7, 12, 16, 18. हे वय आहे, अवघडपणाची पायरी नव्हे. ‘आमचा बंटी फार हुशार, तो 18 चा पण खेळतो’ असं कौतुकानं सांगणारे बाप कमी नाहीत. त्या खेळात बंटी नेमकं काय करतो, ते एकदा शेजारी बसून पाहावं.

आणि फोनवरचे फुकटातले खेळ? त्यांत दर दोन मिनिटांनी जाहिरात, दर पाच मिनिटांनी ‘अमुक विकत घ्या’. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये कायदाच केला. शिवाय फोन एकट्याचा. अकरा तास पेढीवर घालवून आलेल्या बापाला मुलाच्या खांद्यावरून सहा इंचांच्या पडद्यात काय दिसणार?

म्हणून यंत्राच्या आधी घरातली माणसं मोजलेली बरी. या घरात सुट्टीच्या दिवशी टीव्हीसमोर कोण कोण बसणार? मुलगा गाड्या पळवेल. मुलीला कोडी आवडतात. आजींना हात हलवून चेंडू टाकायचा खेळ दाखवला तर? एकाच पडद्यावर दोघा-चौघांना एकत्र खेळता येईल असे खेळ किती आहेत, ते खोक्याच्या मागे लिहिलेलं असतं. नसेल तर दुकानदाराला विचारायचं.

तर समजा, गृहस्थ पेढी बंद झाल्यावर दुकानात गेलेच. त्यांनी चकतीचा खण पाहिला, पंखा ऐकला, मोड विचारली. दुकानदार जरा चकित झाला. मग ते म्हणाले, ‘दुसरा कंट्रोलर पण दाखवा.’

घरी फोन गेला तेव्हा बायकोनं पहिला प्रश्न टाकला, ‘दुसरा कशाला? मुलं पाळीपाळीनं खेळतील की!’

मागून आजींचा आवाज आला, ‘अगं, दोन्ही त्यांनाच दिले तर मी काय नुसती बघत बसू?’