लायोलचा घडीचा चाकू : पारख आणि हमी
फ्रान्सच्या ओब्राक पठारावरील लायोल या गावी 1829 च्या सुमारास घडीच्या चाकूचा जो घाट रूढ झाला, तो आजही तेथे आणि तिएर शहरातील कारखान्यांत मागणीबरहुकूम घडविला जातो. शिंग, हाड वा लाकूड यांपैकी मुठीचा जिन्नस गिऱ्हाइकाने निवडावा, हवे तर नाव कोरून घ्यावे, आणि कारागिराने पाठीची कमान कानशीने नक्षीदार करावी, असा दस्तूर आहे. नक्षी डोळ्यांना मोहवते खरी, परंतु कसब कळते ते सांध्यांत: मिटलेले पाते दोन्ही पत्र्यांच्या बरोबर मध्यावर विसावले पाहिजे, उघडल्यावर खिळीवर तसूभरही डुलता कामा नये, आणि मूठ व धातूची टोपी यांच्या संधीवरून फिरविलेले नख कोठेही अडता कामा नये. शिंग आर्द्रतेने फुगते व आकसते, तेव्हा कालांतराने पडलेल्या बारीक फटीबद्दल कारागिराला सर्वस्वी जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. नव्या चाकूचे पाते डुलत असेल, तर मात्र ते विनातक्रार दुरुस्त करून देणे हे, माझ्या मते, विक्रेत्याचे निरपवाद कर्तव्य आहे. पाते खटकन मिटू दिल्यास धार कमानीवर आपटून बोथटते, ही सूचनाही त्याने चाकूसोबत लेखी द्यावी.