कीचकवधाचा भाग कोणत्या सीडीत?

पुस्तक एकदा छापले की ते कोणत्या तरी ग्रंथालयात राहते. नाटकाचे प्रयोग थांबले तरी त्याची संहिता उरते. दूरदर्शनवरील मालिकेचे मात्र तसे नाही. ती दाखवून संपली की हवेत विरते. पुन्हा पाहायची तर मुळात ती कोणीतरी जपून ठेवलेली असावी लागते, आणि मग कॅसेट, सीडी किंवा डीव्हीडीच्या रूपाने तुमच्या-आमच्या घरापर्यंत आणून द्यावी लागते. हे काम आपल्याकडे कोणी मनापासून केले, कोणी उरकून टाकले आणि कोणी केलेच नाही, याची थोडीफार तुलना प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने सीड्यांवर काय लिहायचे, असे मैत्रिणींनी मला विचारले. त्याला कारण आहे. आमचे घर चिखलदऱ्याचे. पावसाळ्यात ढग खिडकीतून आत येतात आणि वीज व मोबाईलची रेंज दारातून बाहेर जाते, अशी आमच्याकडची तऱ्हा. बाबा पर्यटकांना जीपमधून पॉइंट दाखवतात. कॉलेजात पाऊल टाकणारी आमच्या घरातली मी पहिलीच. आजीला अक्षरओळख नाही. रामायण-महाभारत तिला जे ठाऊक आहे ते आधी कीर्तनातून आणि नंतर टीव्हीतून. त्यामुळे मालिकेचा संच चांगला की वाईट हा आमच्याकडे चैनीचा प्रश्न नाही. पोथी शुद्ध छापली आहे की अशुद्ध, असा तो प्रश्न आहे.

त्यातून महाभारताशी आमच्या गावाचे जुने नाते. पांडव अज्ञातवासात विराट राजाच्या आश्रयाला होते, तेव्हा भीमाने कीचकाला येथेच मारून दरीत फेकले, म्हणून हा कीचकदरा आणि त्याचे पुढे झाले चिखलदरा, असे आमच्याकडे लहान पोरही सांगते. भीमाने हात धुतले ते भीमकुंड आहे. विराटाच्या नावाचा वैराट आहे. (राजस्थानातील लोकही विराटनगर आपलेच म्हणतात. त्यांच्याशी भांडायचे काम इतिहासाच्या सरांकडे सोपवते.) सांगायचे असे की, बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारता'त शरत सक्सेना यांनी केलेला कीचक आमच्या गावाला घरचा वाटतो. कोणताही संच हाती आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कीचकवध कोणत्या सीडीत आहे?

हाच प्रसंग मी तीन ठिकाणी पाहिला आहे. एक, काकांनी परतवाड्याच्या बाजारातून आणलेल्या जुन्या व्हीसीडी. दोन, नात्यातल्या एका शिक्षकांकडचा डीव्हीडी संच. तीन, मोबाईलवर. काढणाऱ्यांची नावे मुद्दाम देत नाही. तबकड्या जुन्या, वापरलेल्या, आणि त्यातली एखादी नकलीही असू शकेल. परंतु तिन्हींतले दोष ज्या कारणांनी आले ती कारणे सर्वांना लागू पडतात, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजेत.

'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात दाखवले गेले. भाग ९४. एक भाग साधारण पाऊण तासाचा धरला तर एकूण सत्तर तास होतात. तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटवर चार भाग बसतात, म्हणजे चोवीस कॅसेटा, जवळजवळ एक ट्रंक भरून. व्हीसीडीवर फार तर ऐंशी मिनिटे बसतात. आता पंचेचाळीस मिनिटांचा भाग घेऊन ऐंशी मिनिटे भरायची कशी? एका सीडीवर एकच भाग घातला तर निम्मी सीडी वाया जाते. म्हणून काढणारे पहिला भाग पूर्ण आणि दुसरा अर्धवट घालून मोकळे होतात. आमच्या संचात कीचक नृत्यशाळेच्या दाराशी येतो आणि तबकडी संपते. आजी ओरडते, "अवं पोरी, थो पाय कीचक आला, लाव लवकर समोरची!" तोवर आमचा प्लेअर ताट बाहेर काढायला अर्धा मिनिट घेतो. लेखकाने प्रसंग एका ठिकाणी तोडला होता, कंपनीने दुसऱ्याच ठिकाणी तोडला. कथेच्या दृष्टीने हा साधा दोष नव्हे. मालिकेचा प्रत्येक भाग कोठे थांबायचा हे विचारपूर्वक ठरवलेले असते.

दुसरी गोष्ट चित्राच्या स्पष्टतेची. व्हीसीडीचे चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपक्यांचे असते, डीव्हीडीचे ७२० बाय ५७६. म्हणजे डीव्हीडीत चौपट ठिपके. शिवाय व्हीसीडीत दर सेकंदाला ठरावीकच माहिती मावते, मग दृश्य शांत असो की धावपळीचे. दोन माणसे बसून बोलत असली तर तेवढी माहिती पुरते. पण अंधार आणि झटापट एकत्र आली की ती अपुरी पडते आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. कीचकवध नेमका रात्रीचा आणि कुस्तीचा! आमच्या व्हीसीडीत भीम कोणता आणि कीचक कोणता हे आवाजावरून ओळखावे लागते.

डीव्हीडीत हे सारे सुधारायला हवे होते. पुष्कळसे सुधारलेही आहे. परंतु एका पदराच्या डीव्हीडीवर चांगल्या दर्जाचे चित्र सुमारे दोन तासांचेच बसते. तिच्यावर पाच-सहा भाग कोंबले की चार-साडेचार तास होतात, आणि चित्र पुन्हा व्हीसीडीकडे झुकू लागते. म्हणून संच विकत घेताना वेष्टनावरचे रंगीत चित्र न पाहता साधा भागाकार करावा. भाग किती आणि तबकड्या किती? पंधरा तबकड्यांत ९४ भाग म्हणजे दर तबकडीला सहाहून जास्त, हे ध्यानात ठेवावे. मी पाहिलेल्या डीव्हीडी संचात जागा वाचवण्यासाठी आणखी एक युक्ती होती. तबकडीवरच्या पहिल्या भागालाच शीर्षकगीत ठेवले होते, पुढच्या भागांचे कापले होते. हरीश भिमानी यांच्या आवाजातला 'समय' दर भागाच्या सुरुवातीला जे निरूपण करतो, तेही दोन ठिकाणी अर्धवट होते. कोणी म्हणेल, गाणे एकदा ऐकले की पुरे. पण भजनात धृपद एकदाच म्हणून चालते काय?

मोबाईलवर वेगळीच गंमत. जुनी मालिका चौकोनी पडद्यासाठी चित्रित झालेली, आजचा पडदा लांबट. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू नयेत म्हणून कोणीतरी चित्र मोठे करून वरून-खालून कापले आहे. आजी म्हणाली, "भीमाचा मुकुट कोनं खाल्ला वं?" यापेक्षा नेमकी समीक्षा मला सुचलेली नाही.

आता प्रश्न उरतो तो मुळाचा. ज्या टेपवरून सीडी काढली ती मूळ होती की नकलेची नक्कल? जुन्या टेपची प्रत काढली की चित्र थोडे पुसट होते, तिची प्रत आणखी पुसट होते. म्हणून मूळ टेप ज्याच्याकडे, त्याचाच संच चांगला निघण्याची शक्यता जास्त. येथे आपल्याकडचा इतिहास कामी येतो. १९८४ साली 'हम लोग' आली आणि दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले. अशा कित्येक मालिका बाहेरच्या निर्मात्यांनी केल्या आणि त्यांचे हक्क त्यांच्याकडे राहिले. रामानंद सागर यांचे ७८ भागांचे 'रामायण' (१९८७-८८) आणि चोप्रांचे 'महाभारत' ही त्यांची ठळक उदाहरणे. निर्मात्याला त्यातून पुन्हा पैसा मिळणार होता, म्हणून त्याने टेपा सांभाळल्या. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, या दोन्ही मालिका पुन्हा दाखवण्यात आल्या, तेव्हाही ज्या घराण्यांकडे हक्क होते त्यांच्याशी बोलणे करूनच ते जमले. मी त्या वेळी सातवीत होते. सकाळ-संध्याकाळ आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकच आवाज येई.

शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' या बाबतीत भाग्यवान. तिचे भाग वीस-बावीस मिनिटांचे आणि प्रत्येक बहुधा स्वतंत्र गोष्टीचा, म्हणून व्हीसीडीवर तीन भाग अखंड बसतात आणि कोठे तोडावे लागत नाही. गोविंद निहलानी यांची 'तमस' (१९८८) टेपवर नव्हे तर फिल्मवर चित्रित झालेली. फिल्मवरून पुन्हा नव्या यंत्राने चित्र उतरवता येते आणि ते पहिल्यापेक्षाही स्वच्छ येऊ शकते. टेपच्या नशिबी ते नाही. तिच्यात जेवढे आहे तेवढेच.

स्वस्ताईचेही श्रेय द्यायला हवे. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा तालुक्याच्या बाजारात अस्सल माल नकली मालाच्या भावात मिळू लागला. आमच्यासारख्या घरांत तबकड्या आल्या त्या अशा काळात. तीच कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. आज परतवाड्यात प्लेअरची दुरुस्ती करणारा शोधावा लागतो.

परदेशात या कामाकडे अधिक गांभीर्याने पाहतात, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत 'द एक्स-फाइल्स'चे संपूर्ण पहिले पर्व २००० साली एका डीव्हीडी संचात निघाले आणि अखंड पर्व विकण्याची रीत रुळली. पण त्याच फॉक्स कंपनीने २००७ मध्ये 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ केंद्रावरची विनोदी मालिका काढली, तेव्हा गाण्यांच्या हक्कांचे पैसे वाचवण्यासाठी तिच्यातली कित्येक मूळ गाणी काढून दुसरेच संगीत घातले. रेडिओची मालिका आणि गाणी बदललेली! पुढे २०१४ मध्ये शाउट फॅक्टरी या लहानशा कंपनीने बहुतेक गाण्यांचे हक्क मिळवून ती पुन्हा नीट काढली. एकच मालिका, दोन कंपन्या, आणि इतका फरक. यावरून दिसते की, मोठी कंपनी म्हणजे चांगला संच हे समीकरण तिकडेही खरे नाही.

आणि बीबीसीने तर स्वतःच्या टेपा पुसल्या. 'डॉक्टर हू'चे १९६० च्या दशकातले नव्वदाहून अधिक भाग आज चित्ररूपात नाहीत. पण त्या सर्वांचा आवाज उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. त्या आवाजावर नवी रेखाचित्रे चढवून बीबीसीने त्यांतले बरेच भाग डीव्हीडीवर काढले. चूक केली, पण भरपाईची धडपडही केली.

हे वाचल्यावर मराठीची आठवण होऊन वाईट वाटते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तेथे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात उभे केले. आमच्या प्राध्यापकांच्या पिढीला ते अजून तोंडपाठ आहेत. पण आज त्याचे मोजकेच भाग पाहायला मिळतात. टेपा महाग होत्या, एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा घेण्याची पद्धत होती. हे कार्यक्रम केंद्राचे स्वतःचे. बाहेरचा निर्माता नाही, म्हणून टेप सांभाळण्यात कोणाचा नफा नाही. 'महाभारत' वाईट सीडीत का होईना आमच्या घरी आले. 'चिमणराव' येऊच शकले नाही. द्वितीय वर्षाला आम्हांला मराठी विनोदावर प्रश्न असतो. त्याचे उत्तर मी पुस्तकावरून लिहिते, सर मात्र प्रभावळकरांची मान कशी हलायची ते करून दाखवतात. आमच्यात आणि त्यांच्यात तेवढे अंतर राहतेच.

खाजगी वाहिन्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रोज चालणाऱ्या मालिकांचे शेकडो भाग तबकड्यांवर घालणे कोणाला परवडणार? त्या सरळ मोबाईलच्या ॲपमध्ये गेल्या. दूरदर्शननेही उशिरा का होईना आपला जुना संग्रह इंटरनेटवर आणायला सुरुवात केली आहे. श्याम बेनेगल यांची ५३ भागांची 'भारत एक खोज' आज यूट्यूबवर आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' हे ॲपही सुरू केले. अमरावतीच्या वसतिगृहात बसून पाहायला हे उत्तम. पण ॲपवरची मालिका आपल्या मालकीची नसते. आज आहे, उद्या हक्क संपले की नाही. शिवाय आमच्या गावात ढग उतरले की दोन-दोन दिवस तीही नाही.

भाषेचे एक राहिले. मी पाहिलेल्या संचांवर चित्राखालची वाक्ये असली तर ती इंग्रजीत. 'महाभारत' बीबीसीवरही इंग्रजी वाक्यांसह दाखवले गेले होते, परदेशी प्रेक्षकांची सोय पाहणे स्वाभाविक आहे. पण निवडीची पाटीही इंग्रजीत असते, तेव्हा आजीपुरती ती डीव्हीडी व्हीसीडीपेक्षा वाईट ठरते. व्हीसीडी घातली की आपोआप सुरू होते. डीव्हीडी कोणाची तरी वाट पाहत थांबते. म्हणून आजीने स्वतःची अनुक्रमणिका केली आहे. कीचकवधाच्या दोन्ही व्हीसीडींवर तिने लाल टिकल्या लावल्या आहेत, पहिलीवर एक, दुसरीवर दोन. द्रौपदीवस्त्रहरणाच्या तबकडीवर काळी टिकली आहे, ती सहसा लावायची नाही.

आपल्या ग्रंथालयात 'तमस' कादंबरीचा मराठी अनुवाद आणि नेहरूंचे पुस्तक मागता येते, तशा या मालिकांच्या तबकड्याही मागता याव्यात, असा अर्ज मी आणि इतिहासाच्या दोन विद्यार्थिनींनी दिला आहे. सोबत भागाकार करून दिला आहे, दर तबकडीला तीनपेक्षा जास्त भाग असलेला संच घेऊ नये म्हणून. ग्रंथपालांनी प्लेअर कोठे ठेवायचा ते विचारले आहे. वाचनकक्षात आवाज चालणार नाही, त्यामुळे बहुधा नकाशांच्या खोलीत.