विषाच्या मागावर जगभर

जगातला सर्वांत विषारी साप पाहायचा असेल, तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पश्चिम टोकाच्या ओसाड मैदानांत जावे लागते. तिथली माती मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी भेगाळते. त्या भेगांत आणि उंदरांच्या बिळांत ‘इनलँड टायपान’ राहतो. सकाळी थोडा वेळ वर येतो आणि ऊन तापले की पुन्हा खाली जातो. एवढा खर्च करून, एवढी धूळ खाऊन गेलात तरी तो दिसेलच असे नाही.

तरीही माणसे जातात. त्यांत शास्त्रज्ञ असतात, कॅमेरेवाले असतात आणि निव्वळ हौसेपोटी जाणारेही असतात. ती कशाच्या मागे जातात, तिथे काय सापडते आणि कोणाला कशाची किंमत मोजावी लागली, ते पाहू.

सर्वांत विषारी कोण?

हा मान उंदरांवरच्या प्रयोगांतून ठरतो. विषाची किती मात्रा दिली असता निम्मे उंदीर मरतात, ते मोजतात. मात्रा जितकी कमी, तितके विष जहाल. इनलँड टायपानच्या बाबतीत ही मात्रा किलोमागे सुमारे 0.025 मिलिग्रॅम भरते. एका दंशातले विष शंभर माणसांना पुरेल, हा नेहमी सांगितला जाणारा हिशेब त्यावरूनच आला.

पण या सापाने माणूस मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. तो बुजरा आहे आणि जिथे राहतो तिथे माणूसच नाही. 1879 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे शास्त्रज्ञांच्या हाती तो लागलाच नाही. 1972 मध्ये त्याची पुन्हा ओळख पटली. संपूर्ण ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोन-तीन माणसे दगावतात. भारतात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58 हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

‘जगातले दहा सर्वांत धोकादायक प्राणी’ छापाच्या याद्या मला म्हणूनच करमणुकीपलीकडच्या वाटत नाहीत. विष किती जहाल, यापेक्षा साप माणसाच्या किती जवळ राहतो, माणूस अनवाणी चालतो का, जमिनीवर झोपतो का आणि दवाखाना किती लांब आहे, यावर मरण ठरते.

पिशवीचे तोंड

साप शोधणाऱ्यांच्या आयुष्यात सर्वांत धोक्याचा क्षण साप दिसण्याचा नसतो. साप पिशवीत घालताना किंवा पिशवीतून काढताना घात होतो.

केव्हिन बडन हा सिडनीचा वीस वर्षांचा तरुण. किनारपट्टीवरचा टायपान जिवंत पकडायचा म्हणून तो केर्न्सला गेला. तोवर या सापावर लस नव्हती आणि जिवंत सापाचे विष मिळाल्याशिवाय ती बनणार नव्हती. जुलै 1950 मध्ये त्याला टायपान सापडला आणि त्याने तो हातांनी धरला. वाटेतला ट्रक थांबवून, साप हातात धरूनच तो एका जाणकाराच्या घरी पोहोचला. तिथे साप पिशवीत सोडताना हाताला दंश झाला. सापाला मारू नका, तो संशोधनासाठी पाठवा, असे त्याने बजावले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. साप जिवंत मेलबर्नला पोहोचला. तिथे प्राणितज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांनी त्याचे विष काढले. 1955 मध्ये टायपानवरची लस तयार झाली आणि त्याच वर्षी केर्न्समधला एक शाळकरी मुलगा तिने वाचला.

जो स्लोविन्स्की हा अमेरिकी सर्पतज्ज्ञ 2001 मध्ये म्यानमारच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात मोहिमेवर होता. 11 सप्टेंबरच्या सकाळी पिशवीत हात घालताना मण्यारीच्या जातीचा एक लहानसा साप त्याला चावला. तो बिनविषारी असल्याचा समज झाला होता. बिनविषारी सापांपैकी काही हुबेहूब मण्यारीसारखे दिसतात; आपल्याकडे कवड्याला मारतात ते याच गोंधळातून. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सहकाऱ्यांनी आळीपाळीने तोंडाने श्वास देत त्याला तासन्‌तास जगवले. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर पोहोचू शकले नाही आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

शिकागोचे कार्ल पॅटरसन श्मिट यांना तर परदेशी जावेही लागले नाही. 1957 मध्ये ओळख पटवण्यासाठी त्यांच्याकडे आलेला बूमस्लँग हा आफ्रिकी साप त्यांना चावला. पिल्लू आहे, एकच दात नीट लागलाय, असे म्हणून त्यांनी गोष्ट फारशी मनावर घेतली नाही. आपल्याला काय काय होते आहे, ते मात्र ते वेळेनिशी लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी मृत्यू आला, त्या दिवशीच्या सकाळपर्यंत ती टिपणे चालू होती.

टीव्हीवर गाजलेल्या ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह अर्विनचे उदाहरण वेगळे. 2006 च्या सप्टेंबरात तो समुद्रातल्या सर्वांत घातक जीवांवरच्या माहितीपटासाठी ग्रेट बॅरियर रीफवर गेला होता. हवा बिघडल्याने ते चित्रण थांबले. मोकळ्या वेळात मुलीच्या कार्यक्रमासाठी उथळ पाण्यात काही दृश्ये घेताना पाकटाचा काटा त्याच्या छातीत घुसला. आयुष्यभर मगरी आणि विषारी साप हाताळलेला हा माणूस, सहसा निघून जाण्यातच धन्यता मानणाऱ्या माशाकडून मारला गेला.

कोमोडो : काठी हीच सोबत

ज्यांना विषारी प्राणी पाहायचा आहे पण हाताळायचा नाही, त्यांच्यासाठी इंडोनेशिया सोयीचा. फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजो गावातून बोटीने कोमोडो किंवा रिन्चा बेटावर जाता येते. जगातली सर्वांत मोठी घोरपड इथली. मोठा नर तीन मीटरपर्यंत वाढतो. 1912 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. 1926 मध्ये डग्लस बर्डन हा अमेरिकी माणूस तिच्यासाठी मोहीम घेऊन गेला आणि त्या मोहिमेच्या हकिगतींनी ‘किंग काँग’ चित्रपटाला बीज पुरवले.

बेटावर वनरक्षकाशिवाय फिरू देत नाहीत. त्याच्या हातात टोकाला दुबेळके असलेली लांब काठी असते, दुसरे काही नाही. हरीण किंवा रानडुक्कर चालत येईल अशा वाटेवर हा प्राणी ओंडक्यासारखा निपचित पडून असतो, त्यामुळे अनोळखी माणूस अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही.

त्याच्या तोंडातल्या घाणेरड्या जंतूंनी भक्ष्य सडून मरते, असे कित्येक वर्षे सांगितले गेले. 2009 मध्ये विषाचे अभ्यासक ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी त्याच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी दाखवून दिल्या. या विषाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब उतरतो. पण विषापेक्षाही करवतीसारखे दात आणि मागे खेचत फाडण्याची पद्धत जास्त मारक असावी, असे वाटते. विषाचा भाग नेमका किती, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

समुद्रात

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मे या काळात पोहणाऱ्यांसाठी जाळी लावतात आणि किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवतात. बॉक्स जेलीफिशच्या न फुटलेल्या दंशपेशी व्हिनेगरने निकामी होतात. याच पाण्यात नखाएवढी इरुकांजी नावाची जेलीफिश असते. तिचा दंश सुरुवातीला जाणवतही नाही. अर्ध्या तासाने पाठ-पोट पिळवटते आणि रक्तदाब चढतो. या त्रासामागे हाच जीव आहे, हे सिद्ध करायला केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी 1961 मध्ये तो स्वतःला डसवून घेतला. एवढ्यावर न थांबता स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकालाही डसवले. तिघेही रुग्णालयात गेले आणि वाचले. आज कोणतीही नीतिसमिती असल्या प्रयोगाचा कागद दारातूनच परत पाठवेल आणि ते योग्यच होईल. त्या जीवाला मात्र बार्न्स यांचे नाव मिळाले.

नक्षीदार शंख गोळा करणाऱ्यांनी कोन शंखांपासून सावध राहावे. हा गोगलगायीचा भाऊबंद भाल्यासारखा दात मारून मासे लुळे करतो आणि त्याच्या काही जातींच्या दंशाने माणसेही मेली आहेत. फिलिपिन्समध्ये वाढलेले बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी या शंखांच्या विषाचा अभ्यास केला. त्या कामातून निघालेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली. विषाचे औषध होण्याची याहून जुनी गोष्ट ब्राझीलची. तिथल्या जराराका सापाच्या विषावरील संशोधनातून रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल निघाले.

जिथे जाऊ देत नाहीत

त्या जराराकाचा एक भाऊबंद ब्राझीलमध्येच, साओ पाउलो किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या केमाडा ग्रांदे बेटावर राहतो. गोल्डन लान्सहेड नावाचा हा पिवळसर साप जगात दुसरीकडे कुठेच नाही. समुद्राची पातळी वाढून बेट मुख्य भूमीपासून तुटले आणि उंदीर-घुशी नसलेल्या त्या तुकड्यावर साप पक्ष्यांवर जगू लागले. आता तिथे परवानगीशिवाय कोणी उतरू शकत नाही. सापापासून माणसाला वाचवायला हा नियम आहे, असा सर्वसाधारण समज. पण चोरट्या बाजारात या सापाला मोठी किंमत येते आणि तो अतिसंकटग्रस्त आहे, त्यामुळे माणसापासून साप वाचवणेही तेवढेच गरजेचे झाले आहे.

चर्चिल

विष नसलेल्या धोक्यासाठी जायचे, तर कॅनडातल्या हडसन उपसागराच्या काठचे हे छोटे गाव. रस्त्याने तिथे पोहोचता येत नाही; रेल्वे किंवा विमान. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र गोठण्याची वाट पाहत ध्रुवीय अस्वले गावाभोवती जमतात. कोणाला धावत येऊन लपता यावे म्हणून लोक गाड्यांची दारे कुलूप न लावता ठेवतात. वस्तीत वारंवार शिरणाऱ्या अस्वलाला पकडून काही काळ खास कोठडीत डांबतात आणि मग दूर नेऊन सोडतात.

घरचे फुरसे, घरचा विंचू

जग फिरून आलेल्या परदेशी सर्पप्रेमींना कोकणचे मोठे आकर्षण असते, ते फुरशासाठी. जेमतेम हातभर लांब, खवले एकमेकांवर घासून खर्र आवाज करणारा हा साप रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळावर, दगडांखाली सहज सापडतो. पावसाळ्यात कातळावर रात्री बॅटरी मारत फिरणारे सर्पमित्र त्याच्याकडे फार काळ पाहतही नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून भारतात एकच लस वापरतात. ती घोड्यांच्या रक्तापासून बनते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना तर कुठे जावेच लागले नाही. लाल विंचवाच्या दंशाने हृदय कसे निकामी होते, हे त्यांनी रायगडमधल्या रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वेळेत दिले तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवले आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात ते काम छापून आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

लस सोबत नेता येते का?

नाही. लस त्या त्या प्रदेशातल्या सापांसाठी बनते. भारतीय लस टायपानवर किंवा आफ्रिकेतल्या मांबावर चालत नाही. ती शिरेतून द्यावी लागते आणि तिचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती रुग्णालयातच द्यायची. प्रवासाला निघण्यापूर्वी विचारायची गोष्ट एकच : सर्वांत जवळचे, लस ठेवणारे रुग्णालय किती तासांवर आहे? ऑस्ट्रेलियात दंश झालेल्या हाता-पायाला पूर्ण लांबीभर दाबून पट्टी गुंडाळतात. आपल्याकडे घोणस-फुरशाच्या दंशावर करकचून दोरी बांधली, तर तो अवयव जाण्याची भीती असते. त्यामुळे एका देशात शिकलेले प्रथमोपचार दुसऱ्या देशात डोळे मिटून वापरू नयेत.

इरुळांची परदेशवारी

सापांच्या शोधात जग फिरणारे म्हटले की टोपीवाले गोरे साहसवीर डोळ्यांपुढे येतात. तमिळनाडूतल्या इरुळा जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल त्या चित्रात बसत नाहीत. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर कातडीसाठी साप धरणाऱ्या इरुळांचा धंदा बंद पडला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था चेन्नईजवळ सुरू झाली. तिथे साप पकडून काही आठवडे ठेवतात, ठरावीक वेळा विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. देशातल्या लस उत्पादकांना लागणारे बरेचसे विष इथून जाते.

2017 च्या जानेवारीत मासी आणि वडिवेल या दोघांना फ्लोरिडाला बोलावले होते. पाळून सोडून दिलेल्या बर्मी अजगरांनी तिथल्या एव्हरग्लेड्स दलदलीतले ससे-रॅकून जवळजवळ संपवले होते आणि ते अजगर शोधणे अमेरिकी तज्ज्ञांना जड जात होते. गवतातली पुसट घसट, टाकलेली कात, विष्ठा यांवरून माग काढत दोघांनी पहिल्या आठवड्याभरातच तेरा अजगर धरले. त्यांतली सोळा फुटी मादी एका पडक्या क्षेपणास्त्रतळावर मिळाली. 2023 मध्ये दोघांनाही पद्मश्री जाहीर झाली.

इरुळांच्या विष गोळा करण्याच्या कामातली एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. देशभर वापरायच्या लशीसाठी लागणारे विष बव्हंशी तमिळनाडूच्या सापांचे असते आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे ही लस सगळीकडे सारखी लागू पडत नाही, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवून दिले आहे. प्रत्येक प्रदेशातल्या सापांचे विष वेगळे गोळा करायचे, तर इरुळांसारखी माणसे राजस्थानात, बंगालात आणि ईशान्येतही उभी करावी लागतील.