अतिशीत संस्करण, धातूंचे

धातूची वस्तू अतिशय नीच तापमानापर्यंत सावकाश थंड करून, तेथे काही काळ ठेवून पुन्हा नेहमीच्या तापमानास आणण्याच्या प्रक्रियेस अतिशीत संस्करण म्हणतात. ते उष्णता संस्करणाची जागा घेत नसून त्यास पूरक ठरते. द्रव नायट्रोजनाच्या साहाय्याने सु. –१९६° से. पर्यंतचे तापमान मिळविता येते.

थंडीने होणारे बहुतेक बदल तात्पुरते असतात. तांब्याचा विद्युत् रोध घटतो, साधे पोलाद ठिसूळ होते. परंतु तापमान पूर्ववत होताच हे गुणधर्मही पूर्ववत होतात. धातूची अंतर्गत संरचना बदलली, तरच बदल कायम टिकतो.

कठीण केलेल्या पोलादात असा बदल घडतो. तापलेल्या पोलादातील ऑस्टेनाइट जलद थंड केल्यावर कठीण मार्टेन्साइटात रूपांतरित होते. उच्च कार्बन व मिश्र हत्यारी पोलादांत हे रूपांतर ०° से. च्याही खाली पूर्ण होत असल्याने काही मऊ ऑस्टेनाइट शिल्लक राहते. पुढे वापरात त्याचे रूपांतर झाल्यास वस्तू किंचित फुगून तिची मापे बिघडतात. अतिशीत संस्करणाने हे रूपांतर बव्हंशी पूर्ण होते. त्यानंतर पोलाद मंद तापविल्यास सूक्ष्म कार्बाइड कण निर्माण होतात. कठिनता थोडीच वाढते. झीजरोध त्याहून अधिक वाढू शकतो, पण ही वाढ पोलादाच्या जातीवर व आधीच्या संस्करणावर अवलंबून असते. नवे मार्टेन्साइट ठिसूळ असल्याने मंद तापविणे टाळता येत नाही. एकदम थंड केल्यास वस्तूस तडे जाण्याचा धोका असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील उद्योगांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतकाम व यंत्रकाम व्यवसायांत लागणारी कर्तन हत्यारे, मापके व मुद्रा यांना या संस्करणाचा लाभ होऊ शकतो. मात्र पर्लाइटयुक्त करड्या ओतीव लोखंडात शिल्लक ऑस्टेनाइट जवळजवळ नसते. त्यामुळे तेथे या लाभाचे मुख्य कारणच उरत नाही. आजरा परिसरातील ऊसतोडीचा कोयता मध्यम कार्बन पोलादाचा असल्यास लोहाराने पाणी देतानाच त्यातील रूपांतर बहुतांशी पूर्ण होते. त्याची धार टिकणे योग्य तापमानास पाणी देण्यावर व नंतर बेताने तापविण्यावर अवलंबून असते. मूळ कठिणीकरणातील दोष थंडीने दूर होत नाहीत.