खाजगी पॅकेजे आणि नामनिश्चिती

नामाचा निर्देश केवळ त्याच्या रूपावरून ठरत नाही. ते कोठे उच्चारले गेले, यावरही तो अवलंबून असतो. पायथॉन या संगणकभाषेतील खाजगी पॅकेजांच्या व्यवस्थेत याचा चांगलाच प्रत्यय येतो.

पॅकेज म्हणजे नावाने मागविता येणारा तयार आज्ञावलींचा संच. सार्वजनिक पॅकेजे ‘पायपीआय’ या मध्यवर्ती सूचीत असतात व ‘पिप’ हे साधन ती तेथून आणते. संस्थेची स्वतःची पॅकेजे अर्थातच निराळ्या सूचीत ठेवावी लागतात. तेव्हा ‘ही आणखी एक सूची पाहा’ असे पिपला सांगून पुष्कळ जण मोकळे होतात. गफलत होते ती येथेच. पिपच्या लेखी दोन्ही सूचींचा दर्जा सारखाच. एकच नाव दोहोंत आढळल्यास ज्या आवृत्तीचा क्रमांक मोठा, ती ते उचलते. घरच्या पॅकेजाची आवृत्ती 2 असताना कोणी परक्याने त्याच नावाची 99 क्रमांकाची आवृत्ती पायपीआयवर नोंदविली, तर परक्याचीच आज्ञावली घरात येते.

अलेक्स बिरसान या संशोधकाने 2021 साली याच मार्गाने पस्तीसहून अधिक कंपन्यांत शिरकाव करून दाखविला; ॲपल व मायक्रोसॉफ्ट त्यांत होत्या. तो प्रयोग होता. 2022 च्या डिसेंबरात मात्र पायटॉर्चच्या स्वतःच्या सूचीतील ‘टॉर्चट्रायटन’ हे नाव कोणी पायपीआयवर नोंदविले आणि 25 ते 30 डिसेंबर या काळात लिनक्सवर पिपने रोजची चाचणी-आवृत्ती बसविणाऱ्यांच्या यंत्रांत फाइली चोरणारी आज्ञावली शिरली. अखेर पायटॉर्चला आपल्या पॅकेजाचेच नाव बदलावे लागले.

प्रॉक्सी सर्व्हरचे खरे प्रयोजन या निवाड्यात आहे. पिपला एकच पत्ता दिला जातो, तो प्रॉक्सीचा. नाव घरचे असेल तर प्रॉक्सी बाहेर विचारीतच नाही. नसेल तर पायपीआयवरून पॅकेज आणून त्याची प्रत जवळ ठेवते. ‘डेव्हपी’ या प्रॉक्सीत घरच्या नावाला हे संरक्षण मुळातच असते. मात्र तुलना नावाच्या प्रमाणरूपाची व्हावी लागते. कारण पायथॉनच्या नियमाने लहान-मोठी अक्षरे, तसेच संयोगचिन्ह, अधोरेषा व बिंदू यांत भेद नाही. लेखनभेदाने शब्द बदलत नाही, हे येथे नियमानेच मान्य झाले आहे.

अर्थात एखाद्या यंत्रावर जुनी दुहेरी योजना राहून गेली, तर हा पहारा व्यर्थ ठरतो. म्हणून पायपीआयकडे जाणारी थेट वाट प्रॉक्सीखेरीज इतर यंत्रांना बंद ठेवावी लागते.