रानचेरी: फूल गुलाबी, बी कडू

नोव्हेंबर उजाडला की शिलाँगमधल्या रस्त्याकडेची झाडे गुलाबी होतात. जपानी चेरी फुलते वसंतात. हिमालयातली रानचेरी मात्र थंडीच्या तोंडावर बहरते. २०१६पासून तिथे या बहराचा महोत्सव भरतो. आयुर्वेदातले पद्मक किंवा पद्मकाष्ठ ते हेच. उत्तराखंडात या झाडाला पंय्या म्हणतात, ते पवित्र मानतात आणि लग्नाच्या मांडवाला त्याच्या डहाळ्या लावतात. इतर फुले सरलेली असताना मधमाश्यांना त्याच्या मकरंदाचा मोठा आधार असतो.

पाण्याचा निचरा होणारी जमीन, भरपूर ऊन आणि हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली की डोंगरातल्या अंगणात हे झाड भराभर वाढते. मुंबईच्या उकाड्यात त्याची आशा धरू नये. विक्रोळीच्या द्रुतगती मार्गावरचा जो गुलाबी बहर दरवर्षी ‘चेरी ब्लॉसम’ म्हणून मोबाइलवर फिरतो, तो वसंतराणीचा. तिचे चेरीशी काही नाते नाही.

अंगणात झाड आले की मुलेही त्याखाली येणार. रानचेरीचे छोटे आंबट फळ खाता येते. जपायचे ते बी, पाने आणि साल यांना. त्यांत साखरेला जखडलेले सायनाइड असते: बियांत अमिग्डालिन, पानांत व सालीत प्रुनासिन. ते फोडणारे विकर झाडातच, पण वेगळ्या कप्प्यात असते. पान चुरगळले किंवा बी चावली की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटते. म्हणून मुलाने एखादी बी अख्खी गिळली तर ती बहुधा जशीच्या तशी शौचावाटे पडते. त्या वेळी खरी भीती ती घशात अडकण्याची. कवच फोडून आतला मगज चावून खाणे ही वेगळी गोष्ट.

छाटलेल्या फांद्या गाई-शेळ्यांपुढे टाकू नयेत. कोमेजलेली पाने तर जास्तच घातक. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी जनावराला ‘किराळ लागते’, हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ते विषही हेच. आणि आयुर्वेदात पद्मकाष्ठ आहे म्हणून अंगणातली साल सोलून काढा उकळणे हे औषध नव्हे. किती मात्रा पोटात जाते, हे तिथे कोणीच मोजलेले नसते.

तरीही या विषाचे बळी अंगणापेक्षा बाजारातल्या पाकिटामुळे होण्याची शक्यता अधिक. चेरीच्याच कुळातल्या जर्दाळूच्या कडू बिया ‘जीवनसत्त्व बी-१७’ या नावाने कर्करोगावर विकल्या जातात. असे जीवनसत्त्वच नाही. अमेरिकेत १७८ कर्करुग्णांना अमिग्डालिन देऊन पाहिले; १९८२मध्ये निष्कर्ष छापून आले. फायदा दिसला नाही, उलट काहींना सायनाइडची बाधा झाली. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने एका वेळी तीनपेक्षा जास्त छोट्या कच्च्या बिया प्रौढालाही सुरक्षित मर्यादेबाहेर नेऊ शकतात. लहानग्याला एकही पुरते. कर्करोगाने आधीच खंगलेल्या माणसाला नातेवाईक प्रेमापोटी असल्या बियांची पूड रोज चमच्याने देतात, हे सगळ्यात क्लेशदायक.

सायनाइड पेशींचा श्वास कोंडते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. डोके दुखणे, गरगरणे, उलटी, धाप, गोंधळलेपण, मग झटके आणि बेशुद्धी असा क्रम लागू शकतो. कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण तो अनेकांना जन्मतःच ओळखता येत नाही. वास नाही म्हणून निर्धास्त राहू नये. बिया चावून खाल्ल्याचा संशय आला तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे, उरलेल्या बिया किंवा पाकीट बरोबर न्यावे आणि किती खाल्ल्या, केव्हा खाल्ल्या ते स्पष्ट सांगावे. डॉक्टर प्राणवायू देतात, गरजेप्रमाणे उतारा देतात. त्यातला एक उतारा म्हणजे हायड्रॉक्सोकोबालामिन, खऱ्याखुऱ्या बी-१२ जीवनसत्त्वाचेच एक रूप. ते सायनाइडला धरून ठेवते आणि मूत्रावाटे बाहेर काढते.